मानमोडीचा उन्हाळा

उन्हं तापायला लागली की कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात. पंख अंगापासून सुटे धरतात आणि सावलीला उकरलेल्या मातीत पोट टेकून बसतात. त्यात आजार काही नसतो. कोंबडीला घाम येत नाही, म्हणून ती तशी निवते, एवढंच. हे मी शिकलेली आहे, कधीकाळी दुसऱ्यांना शिकवलेलंही आहे. तरी होळी होऊन गेली, की मंचरहून अवसरी बुद्रुककडे जाताना एखाद्या वस्तीपाशी अशी धापणारी कोंबडी दिसल्यावर माझी नजर पहिली तिच्या मानेवर जाते. मान सरळ असली, की मग मी पुढे बघते.

लोकांना उन्हाळ्याचं काय काय आठवतं. कैऱ्या, वाळवणं, जत्रा, सुट्टीला आलेली भावंडं. कळंबला, माझ्या माहेरी, ते सगळं होतं. पण एका उन्हाळ्यानं ते पुसून टाकलं आणि त्याच्या जागी आपलंच काही ठेवून दिलं. स्पिरिटचा वास. खुराड्याची फळी सरकवली की तोंडावर येणारी उबट, आंबूस वाफ. हाताखाली धडधडणारं, रागावलेलं, गरम अंग. आणि माणसांचे चेहरे. मला बघून ज्यांच्यावर कधी आनंद उमटला नाही असे चेहरे.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. मी बावीस-तेवीस वर्षांची होते. मंचरच्या एका संस्थेची घरगुती कोंबड्यांसाठी योजना होती, तिच्यात मी लस टोचायला जायची. ज्यांच्याकडे बांधाला दोन-चार गुंठे भाजी आणि अंगणात वीस-तीस गावरान कोंबड्या, अशा वस्त्या मला नेमून दिलेल्या होत्या. मानमोडी हा कोंबड्यांचा रोग. हिरवट हगवण लागते, कोंबडी झिंगल्यासारखी गोल फिरते, मान पिरगळून पाठीवर जाते, आणि आठवड्याभरात अंगण मोकळं होतं. एकदा आला की औषध नाही. आधी टोचलेली लस हाच उपाय. आणि लस जपायची ती बर्फात. बर्फ गेला की लस गेली. बाटलीत मात्र ती दिसायला तशीच असते.

वस्त्यांवर मला कुणी बोलावलेलं नव्हतं, आणि हे तिथला प्रत्येक माणूस मला पहिल्या मिनिटात सांगायचा. आधी कुत्री यायची. सायकलच्या मागच्या चाकाला लागलेली कुत्री धनी मुद्दाम उशिरा हाकारायचा. मग बाई दारात यायची आणि पदर खोचून म्हणायची, "आली का टोचणारी?" कुणी म्हणायचं, टोचलं की अंडी बंद होतात. कुणी कोंबड्या डालग्याखाली झाकून "आमच्यात न्हाईत कोंबड्या" असं सांगायचं, आणि त्याच वेळी डालग्याखालून एखादी कोंबडी अंडं घातल्याची दवंडी पिटायची. फ्लॉवरवर औषध मारणारा एक गडी पाठीवरचा पंप बंद न करताच माझ्याशी बोलायचा, म्हणजे मी काय म्हणते ते त्याला ऐकू येऊ नये. "आदी तुमच्या सायबाला टोचा," तो ओरडायचा, "जगला तर मग बगू."

मी सोसत होते, शांत होते, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. मलाही ती माणसं आवडत नव्हती. त्यांच्या भल्यासाठी पहाटे उठून सात-आठ किलोमीटर सायकल हाणायची आणि त्यांच्या दारात चोरासारखं उभं राहायचं, याचा मला राग यायचा. बांधावरनं जाताना त्यांच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात माझं चाक गेलं तर मी ते मुद्दाम सावरायची नाही.

हौसाबाई भेटली ती अशाच एका वस्तीवर. चाळिशीची, काटक बाई. घर मूळचं मेंढपाळांचं. नवरा अजूनही कळप घेऊन दिवाळीनंतर खाली कोकणात उतरायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. मधले सात-आठ महिने अर्धा एकर भाजी आणि सव्वीस कोंबड्या तिच्या एकटीच्या. कालव्याचं पाणी नवं होतं, त्यावर ती मेथी, कोथिंबीर, गवार, वांगी काढायची आणि मंचरच्या बाजारात स्वतः बसून विकायची.

पहिल्या वर्षी तिनं मला अंगणाच्या कडेलाच थांबवलं.

"टोचल्यावं मेली तर?"

"मरत नाही, मावशी."

"तू कशावरून सांगती? तू कोंबडी हाईस व्हय?"

मग कोपऱ्यातल्या एका तांबड्या कोंबड्याकडे बोट करून म्हणाली, "त्याला टोच. एकट्याला. बाकीच्यांस्नी हात लावायचा न्हाई."

मी तेवढ्या एकाला टोचलं आणि मनात तिला शिव्या घालत निघून आले. पुढच्या वर्षी शिमग्यानंतर ही बाई चालत मंचरला, संस्थेच्या ऑफिसात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"त्यो कोंबडा वरीसभर बगितला म्या. काय झालं न्हाई त्याला. औंदा समद्या टोच. आन माझ्या धा बायका हाईत, त्यांच्या बी."

"त्या तयार आहेत?"

"न्हवत्या. म्या केल्या. म्हनलं, टोचून येक जरी मेली तर माझ्या दारात आनून टाका."

अकरा घरं. दोन वर्षांत एका दिवसात इतकी घरं मला कधी मिळाली नव्हती. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

कोंबड्या टोचायच्या तर पहाटे, खुराड्यातून सुटायच्या आधी. म्हणून आदल्या संध्याकाळी ऑफिसच्या फ्रिजमधून लस आणायची, तोंडापर्यंत बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये बाटल्या रोवायच्या आणि थर्मास रात्रभर घरी ठेवायचा, अशी माझी पद्धत होती. आमच्या घरी फ्रिज नव्हता. त्या वेळी कळंबला आमच्या आळीत कुणाच्याच घरी नव्हता.

नेमके अवसरीला जायच्या आदल्या संध्याकाळीच मला बघायला पाहुणे आले. दोन दिवसांनी यायचे होते, ते रस्त्यावरून जाता जाता आले. पाच माणसं, उन्हानं लाल झालेली. आईची धांदल उडाली. मी साडी नेसून खाली मान घालून पाटावर बसले. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. मी उत्तरं देत होते आणि आतून स्टीलच्या पेल्यांचा आवाज येत होता. मग आई ट्रे घेऊन बाहेर आली. लिंबाचं सरबत होतं. आणि पेल्यांमध्ये बर्फ वाजत होता.

तो आवाज मी ओळखला. आमच्या घरात बर्फ एकाच ठिकाणी होता.

मुलाच्या वडिलांनी पेला कपाळाला लावला. "वा! भर उन्हात बर्फ? लई झाक काम केलं, विहीणबाई." विहीणबाई म्हणाले, म्हणजे ठरल्यातच जमा होतं. आई हसली. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली, आणि उठले नाही.

पाहुणे गेल्यावर थर्मास उघडला. तळाशी चार बोटं पाणी, त्यात बाटल्या उभ्या. आई पाठीमागून म्हणाली, "बाटल्या नीट बाजूला काढून परत आत ठेवल्या हं मी. एक बी सांडली नाही." तिच्या आवाजात इतका आनंद होता. मी झाकण लावलं. पाण्यात हात घातला तेव्हा ते अजून थोडं गार लागलं होतं, आणि त्या थोड्या गारपणावर मी स्वतःची समजूत घातली.

पहाटे निघताना ते पाणी कोमट झालेलं होतं. तेही मी बोट घालून बघितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मी स्वतःला कुठे जागाच ठेवली नाही.

आणि तरी मी गेले. का गेले, याची उत्तरं मी इतक्या वर्षांत बरीच जमवलीत. अकरा बायका कोंबड्या कोंडून थांबल्या होत्या. लस वाया घालवली तर साहेबांना कारण लिहून द्यावं लागलं असतं. हौसाबाई म्हणाली असती, बघा, ही असली. ही सगळी उत्तरं खरी आहेत. पण सगळ्यात खरं उत्तर असं, की त्या सकाळी मी आनंदात होते. माझं लग्न ठरलं होतं. वारा गार होता, बाभळीखालून सायकल पळत होती आणि मला आता काही वाईट होईल असं वाटतच नव्हतं.

झुंजूमुंजू होताना मी अवसरीला पोचले. हौसाबाई अंगणात उभी. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, तीही पोट सावरत कोंबड्या धरायला पुढे झाली. "ह्या चार तलंगा हिच्यासाटी," हौसाबाई म्हणाली, "बाळतीन झाली की सूप पाजायला. त्यांस्नी आदी टोच." मी आधी त्यांना टोचलं. मग बाकीच्या. मग एक एक करत दहा घरं. त्या दिवशी पहिल्यांदा कुत्री आवरून धरलेली होती. एका घरी चहा मिळाला, एका घरी पिशवीभर वांगी. एका बाईनं माझ्या हातावर कोंबडीनं ओरखडलं तिथे हळद लावली. आयुष्यात वस्त्यांवर माझं स्वागत झालं ते त्या एका दिवशी, आणि माझ्या सुईत तेव्हा पाणी होतं.

तीन आठवड्यांनी मानमोडी आली.

पहिल्यांदा कळलं ते बाजारात. मग ऑफिसात निरोप आला. साहेबांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही जीपनं गेलो. वस्तीत शिरताना जाणवली ती शांतता. सकाळच्या नऊ वाजता उकिरड्यावर एकही कोंबडी नव्हती. हौसाबाईच्या दाराशी पोचलो तेव्हा तिथे ढीग होता. दहाही घरांनी तिचा शब्द पाळला होता. मेलेल्या कोंबड्या आणून तिच्या दारात टाकल्या होत्या. वळलेल्या माना, वर गेलेले पाय, पिसांवर हिरवी घाण, आणि माश्या. हौसाबाई टिकावानं बांधाकडेला खड्डा खणत होती. तिनं आमच्याकडे बघितलंच नाही.

साहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं, "रोग आधीच अंगात भिनलेला असतो. अशा वेळी लस लागू पडत नाही. कुणाची चूक नाही यात." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मान हलवत होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी रोज वस्त्यांवर जात होते. दुसऱ्या गावांतल्या, दुसऱ्या घरांच्या. पण बातमी माझ्या पुढे पोचलेली असायची. कुत्री आता सोडून ठेवलेली असायची. एका दारात म्हातारीनं मला बघून नातवाला आत ओढलं, जशी काही मी माणसांनाही टोचत सुटले होते. पंपवाला गडी या वेळी पंप बंद करून बोलला. "टोचून मारली न्हवं? आता जा की. का आमची बी संपवायची?" मला मात्र अजून राग यायचा, हे आज लिहिताना लाज वाटते. मी मनात म्हणायची, यांना काय कळतंय.

अवसरीत काय चाललंय ते मला आमच्या ऑफिसातल्या शिपायाकडून कळायचं. हौसाबाईशी कुणी बोलत नव्हतं. तिच्या घरावरून जायची वाट बायकांनी सोडली होती. तिची मेथी बाजारात न्यायला शेजारची बैलगाडी थांबायची ती थांबेनाशी झाली. संस्थेकडून तिला काही मिळालं असणार, म्हणून तिनं हे आपल्या गळी उतरवलं, असं बोललं जात होतं. तिच्या स्वतःच्या पंचवीस मेल्या होत्या, हे कुणी मोजत नव्हतं.

मी गेले ते कबूल करायला नाही. नवी पिल्लं देऊ करायला गेले होते. संस्थेची योजना होती तशी.

हौसाबाई पडवीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. लेक आत पडलेली. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांबवलं.

"त्यो बग," ती म्हणाली. कुंपणावर तो तांबडा कोंबडा बसला होता. धडधाकट. "त्याला कवा टोचलंतंस?"

"मागच्या वर्षी."

"आन औंदा?"

"औंदा... त्या दिवशी तो सापडला नव्हता. राहिला."

"म्हंजी गेल्या साली टोचलेला जगला. औंदा टोचल्याल्या समद्या मेल्या." तिनं जुडीला गाठ मारली. "सायब म्हनला, रोग आदीच अंगात व्हता. अकरा घरात? येकाच टायमाला? औशिद गेल्या साली खरं व्हतं, बाई. औंदा तू काय केलंस?"

ती शाळेत गेली नव्हती. लस, जंतू, तापमान यांतलं काही तिला मी शिकवलं नव्हतं, कारण तिला ते कळेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं कुंपणावरच्या एका कोंबड्याकडे बघून ते सगळं शोधून काढलं होतं.

मी सांगितलं. बर्फ, पाहुणे, सरबत. ती जुड्या बांधत ऐकत राहिली.

"आवाज आलता तुला बर्फाचा?"

"हो."

"आन बसून ऱ्हायलीस."

"हो."

तिनं आणखी एका जुडीला गाठ मारली. "नवरा बरा हाय का?"

"बरा वाटतो," मी म्हटलं.

ती पडवीच्या कडेला थुंकली आणि उठली. "ऊठ. चल माझ्यासंगं."

पहिलं घर तिच्या चुलत जावेचं होतं. जाऊ दारात आली आणि हौसाबाईला बघून पाठ फिरवायला लागली. हौसाबाई म्हणाली, "माझ्याशी बोलू नगं. हिला काय सांगायचंय त्ये ऐक."

मी म्हणाले, "लसीचा बर्फ वितळला होता..."

"वितळला न्हाई," हौसाबाई म्हणाली. "नीट सांग."

"बर्फ आईनं पाहुण्यांना..."

"आयला मदी आनू नगं. तुझी आय नोकरीला हाय का सौंस्थेत? तू काय केलंस त्ये सांग."

मी सांगितलं. "लस खराब झाली होती. मला माहीत होतं. तरी मी टोचली. हौसामावशींना यातलं काहीच माहीत नव्हतं."

जावेनं हातातला तांब्या माझ्या पायांवर रिकामा केला. गुरांच्या पाण्याचा होता तो. मग ती हौसाबाईकडे न बघता आत गेली.

दुसरं घर, तिसरं घर. तीच तीन वाक्यं. प्रत्येक दारात ती नव्यानं जड होत होती. सवय होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. एका घरी बाई इतकी हसली की तिला बसावं लागलं. "म्हंजी आमच्या कोंबड्या खाऊन हिचं लगीन जमलं म्हना की!" आणि मग ती हसता हसता रडायला लागली, कारण तिच्या कोंबड्या तिच्या सासूच्या होत्या आणि सासूनं तिला त्यांवरून पंधरा दिवस घरात बोलू दिलं नव्हतं. मग हळद लावणारी बाई. तिनं नुसतं माझ्या हाताकडे बघितलं, जिथे तिनं हळद लावली होती तिथे, आणि आत गेली. शिव्यांपेक्षा ते वाईट होतं.

सातव्या घरी एक म्हातारे तात्या होते. टोमॅटोच्या मांडवाच्या सावलीत बसलेले. सगळं ऐकून म्हणाले, "जाऊ दे, पोरी. चुकतंया मानूस. पाखराचा जीव तो काय."

माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर हौसाबाईनं माझा दंड धरून मला सरळ केलं.

"तात्या, तुमी सोडा," ती म्हणाली. "तुमच्या तीन व्हत्या. मी न्हाई सोडनार. आन हिनं बी येवड्यावं सुटायचं न्हाई. अजून तीन घरं हाईत."

ऊन कलत होतं. कालव्याच्या कडेनं आम्ही चालत होतो, ती पुढे, मी मागे. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. कुठल्याच घरी मला कुणी पाणी विचारलं नाही आणि मी मागितलं नाही. शेवटच्या घरी मी बोलून झाल्यावर तिथली बाई हौसाबाईला म्हणाली, "बसती का, हौसा? च्या ठिवते." अकरा दिवसांनी, पंधरा दिवसांनी, कोण जाणे किती दिवसांनी कुणीतरी तिला बस म्हणत होतं. हौसाबाई ओट्यावर बसली. आपला पदर तिनं तोंडावर दाबून धरला. मी अंगणात उभी होते. पदर काढून तिनं माझ्याकडे बघितलं.

"झालं तुझं काम. जा आता."

"मावशी..."

"मावशी म्हनू नगं."

साहेब माझ्यावर चिडले ते मी सांगितलं म्हणून. योजना बुडेल, म्हणाले. अवसरीकडच्या वस्त्या त्यांनी माझ्याकडून काढून घेतल्या आणि मला मढच्या बाजूला, पार घाटमाथ्याजवळ पाठवलं. तिथे मी दोन उन्हाळे काढले. तिथल्या बायकाही मला दारात उभं करायच्या, तिथलीही कुत्री माझ्या चाकाला लागायची. पण आता मला राग येत नव्हता. उभी करू देत, असं वाटायचं. विचारू देत हवं ते. एका बाईनं मला तीन वेळा परत पाठवलं तेव्हा मी तीनही वेळा गेले, आणि चौथ्यांदा तिनं टोचू दिलं तेव्हा मला तिचा आदर वाटला.

लग्न त्याच वैशाखात झालं. नवरा बरा आहे. आई अजून जमेल तिथे सांगते, की आमच्या पोरीला बघायला आले तेव्हा आम्ही असं गारेगार सरबत दिलं की पाहुणे चाट पडले. मी तिला काहीच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? किती वर्षं झाली." बहिणीला सांगितलं, तीही तेच म्हणाली. मैत्रीण म्हणाली, तू कबूल केलंस हेच खूप झालं. इतक्या सहज, इतक्या झटपट सगळ्यांनी मला माफ केलं. त्यांची एकही कोंबडी मेली नव्हती.

हौसाबाईनं पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. तिच्या लेकीला मुलगा झाला, एवढं कानावर आलं. सूप कशाचं केलं ते मी कुणाला विचारलं नाही.

लग्नानंतर मी मंचरलाच राहते. बाजारच्या दिवशी हौसाबाई पोत्यावर मेथी-कोथिंबीर मांडून बसलेली असते. गेली बारा-तेरा वर्षं मी भाजी तिच्याकडूनच घेते. पहिल्यांदा समोर जाऊन बसले तेव्हा वाटलं होतं, उठवून लावेल. तिनं लावलं नाही. जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. आजवर तसंच चाललंय. ती माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. गिऱ्हाइकाला जुडीवर चार काड्या कोथिंबीर घालायची तिची रीत आहे. माझ्या पुढच्याला घालते, माझ्या मागच्याला घालते. मला घालत नाही. माझी मुलगी आता सहावीत आहे, तिच्या ते लक्षात आलं. "आई, दुसरीकडून घे ना. ती आजी तुला नीट देतच नाही." मी म्हटलं, ती बरोबर देते.

परवाच्या बाजाराला ऊन फार होतं. पोत्यावर हौसाबाई नव्हती. तिची सून बसली होती, नवीच, मला न ओळखणारी. "आत्यांना बरं न्हाई," ती म्हणाली, "ऊन लागलंय." मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. तिनं हसून वर कोथिंबिरीची चांगली मूठभर जुडी टाकली. मी ती पिशवीतून काढली, काड्या सारख्या केल्या आणि परत तिच्या ढिगावर ठेवली.

"का वो, ताई? खराब हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगली आहे."